फौजदाराच्या स्वयंपाकघरातला दिवा

४ मार्च

प्रिय खारूताई,

काल टीव्हीवर तू लिहिलेली मालिका सुरू झाली आणि आमच्या दिवाणखान्यातल्या खुर्च्या कमी पडल्या. म्हणजे माणसं आम्ही तिघंच होतो, पण वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना पाय ठेवायला वेगळी खुर्ची लागते. निवृत्त झाल्यापासून ते जगाकडे आडवं होऊनच बघतात. समोरच्या टेलरबाई हातातलं काम घेऊन आल्या होत्या. मालिकेत पोहण्याच्या क्लबातली पितळी घंटा चोरीला गेली तेव्हा त्यांनी कोणाच्या तरी पँटमध्ये सुई टोचली, ती घंटा सापडेपर्यंत बाहेर काढली नाही.

तुझा फौजदार मला आवडला. गोल, टक्कल पडलेला, मांजराला घाबरणारा आणि उकडलेलं अंडं सोलता सोलता चोराचं नाव सांगणारा. सुरुवातीची ती शिट्टी डॉक्टर आज सकाळपासून जिन्यात वाजवत आहेत. दात त्यांचेही आता स्वतःचे नाहीत, त्यामुळे सूर निसटतो.

आणि फौजदाराची ती थोरली बहीण. विणकाम करत बसते आणि मध्येच मान वर न करता म्हणते, "ज्याला पोहता येत नाही तो क्लबात रोज कशाला जातो रे?" ती कोणावरून घेतली आहे हे मला कळलं नाही असं तू समज. मी पण तसंच समजते. फक्त तिला तो जांभळा स्वेटर देऊ नकोस, त्यात ती जाड दिसते.

चोराची खूण आधी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलीस, याबद्दल शाब्बास. ट्रेचा खेळ विसरली नाहीस तर. सुटीत तू माझ्याकडे यायचीस तेव्हा मी ट्रेवर वस्तू मांडायचे, वर रुमाल टाकायचे, एक वस्तू गुपचूप काढून घ्यायचे आणि मग काय नाही ते तू ओळखायचंस. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या सिस्टर तो खेळ आमच्याकडून खेळवून घेत. त्या म्हणत, आहे ते कोणीही बघतं, नाही ते बघायला डोळे लागतात. तू एकदा अंगुस्तान गालात लपवून माझ्यावरच डाव उलटवलास, आणि तेव्हापासून तू खारूताई झालीस.

एक मात्र सांग. फौजदाराचं स्वयंपाकघर दिसलं आणि मी दचकलेच. ते तर तुझं स्वयंपाकघर. ती निळी किटली, जिच्या टोपणाचा टवका माझ्याच हातून उडाला होता. जावईबापूंचा शिडाच्या होडीचा मोठा कप. त्यांचा बुद्धिबळाचा पट. आणि कोपऱ्यात तो पिवळ्या टोपीचा उंच दिवा, ज्याच्याखाली बसून ते नकाशे काढतात. घरात काही ठेवलंस की नाही?

फोन का करत नाहीस असं विचारू नकोस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली. आता मला स्वतःचं बोलायला कागदच बरा वाटतो.

तुझी,
आत्या

१७ मार्च

प्रिय आत्या,

डॉक्टरांना म्हणावं, शिट्टीचे हक्क वाहिनीकडे आहेत, जिन्यात वाजवली तर नोटीस येईल.

तू पकडलंस. निर्मात्यांनी फौजदाराच्या घरासाठी चार खुर्च्या आणि एक भिंत दिली. भिंत छान होती, पण भिंतीवर अंडं सोलता येत नाही. शेवटी आम्ही दोघांनी आमचं स्वयंपाकघर टेम्पोत घातलं आणि स्टुडिओत नेलं. आता घरी पातेल्यात चहा करतो आणि दिव्याअभावी नकाशेवाल्याचं काम अडतं. म्हणून तो संध्याकाळी गुंडाळी काखेत मारून सेटवर येतो आणि चित्रीकरण संपलं की फौजदाराच्या खुर्चीत बसून आपल्या दिव्याखाली नद्या काढतो. परवा एका नव्या नटाने त्यालाच फौजदार समजून नमस्कार केला.

हे सगळं आमचे सामानवाले काका सांभाळतात. त्यांचा एकच नियम आहे. वस्तू आली की तिच्यासोबतच्या चिठ्ठीत लिहिलं असेल तिथे ठेवायची, आणि मालक चिठ्ठी घेऊन आला की परत द्यायची. मध्ये प्रश्न नाही. दिग्दर्शकानेही एकदा चिठ्ठीशिवाय खुर्ची हलवली, तर काकांनी ती त्याच्यासकट परत आणली.

फौजदाराच्या ताईबद्दल मी काही बोलणार नाही. स्वेटर बदलते.

वाहिनीवाले खूश आहेत. फक्त म्हणतात, पुढच्या पर्वात थोडा ठसका हवा. घंटा, घड्याळं, करंडक फार झाले. एखादा खून बघा म्हणाले, जणू मी भाजी आणायलाच निघाले आहे.

तुझी,
खारूताई

२२ एप्रिल

प्रिय खारूताई,

वर्ष कसं गेलं कळलं नाही, आणि आता दुसरं पर्व निम्मं झालंसुद्धा. तर खून झाला एकदाचा. गायनवर्गाचा तो आगाऊ मास्तर गेला आणि आमच्या दिवाणखान्यात कोणाला वाईट वाटलं नाही. टेलरबाई म्हणाल्या, असा माणूस माझ्याकडे मापं द्यायला आला असता तर मीच कात्री चालवली असती. डॉक्टरांना तर खून फारच मानवला आहे. आता ते वेळेआधी येतात आणि प्रत्येकाकडे संशयाने बघतात, माझ्या बिस्किटांच्या डब्याकडेही.

हे पर्व जरा गंभीर आहे, पण चालेल. माणूस मेल्यावर फौजदाराने अंडं खाताना थोडं थांबावं, हे बरोबरच आहे. तेवढी लाज हवी. शिट्टी मात्र हळू केली आहे तुम्ही. डॉक्टर नाराज आहेत.

गेल्या दोन भागांत फौजदार काचेच्या ग्लासातून चहा पितो, ते का? होडीचा कप फुटला वाटतं. असो, कप फुटायचेच.

तुझ्या मागच्या दोन्ही पत्रांत जावईबापूंचं नाव नाही. त्यांना म्हणावं, मला तुमच्या त्या खाडीचा नकाशा हवा होता, भिंतीवर लावायला. जमेल तेव्हा.

तुझी,
आत्या

६ मे

प्रिय आत्या,

घाईत लिहिते आहे. वाहिनीत नवे प्रमुख आले आहेत. वयाने माझ्याहून लहान, सगळं काळं घालतात आणि काही दाखवलं की डोळे मिटून 'खोल, अजून खोल' असं म्हणतात. विहीर खणल्यासारखं वाटतं. तिसऱ्या पर्वात त्यांना तळघर हवंय, पाऊस हवाय आणि कोणीतरी असं हरवायला हवंय की जे सापडत नाही.

खरं सांगू का, मला ते लिहायला सोपं जातंय. पहिल्या पर्वात एकेक विनोद सुचायला दिवस जायचा. हे आपोआप उतरतं.

कप फुटला नाही. आहे कुठेतरी. नकाशेवाला मोजणीच्या कामाला बाहेरगावी आहे, आल्यावर खाडीचं सांगते.

घाईत,
खारूताई

११ जानेवारी

प्रिय खारूताई,

तिसऱ्या पर्वाचे चार भाग बघून झाले. 'बघून' म्हणजे त्या दिशेला तोंड करून बसून. पहिल्या भागात पडदा इतका काळा की डॉक्टर उठून टीव्हीमागे टॉर्च मारून आले. दुसऱ्या भागानंतर आम्ही टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने सगळी बटणं फिरवून पाहिली, मग फुटबॉलची मॅच लावून दाखवली. गवत अगदी हिरवंगार. म्हणाला, आजी, तुमचा टीव्ही ठणठणीत आहे, मालिकेला बरं नाहीये.

टेलरबाईंनी यायचं सोडलं आहे. तळघरात ती मुलगी ओरडते त्यानंतर त्यांना झोप लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी काजं तिरकी होतात. डॉक्टर येतात, पण उशी छातीशी धरून. शिट्टी तर गेलीच, तिच्या जागी कोणीतरी रिकाम्या पिंपात घुमतंय असा आवाज आहे. तो जिन्यात कोण वाजवणार?

पेपरात मात्र कौतुक आलं आहे. कापून ठेवलंय. 'फौजदाराच्या स्वयंपाकघरातला धाडसी अंधार' असा मथळा आहे. एकाच बल्बच्या प्रकाशात उभ्याने पाव खाणारा फौजदार हे म्हणे आपल्या काळाचं चित्र आहे. असेल बाई. मला आपलं वाटत राहिलं की कोणीतरी त्याला बसायला सांगावं.

किटलीही दिसत नाही आता. बुद्धिबळाचा पट नाही. आणि तो पिवळ्या टोपीचा दिवा कुठे गेला? दुरुस्तीला दिला का?

ताई तेवढी अजून विणते आहे. पण तिला बोलायला देत नाहीस फारसं. मागच्या भागात ती भावाकडे बघते, काहीतरी विचारायला तोंड उघडते, आणि तुम्ही लगेच पाऊस दाखवता.

सर्दी असेल तर सुंठ घे. अक्षर बघून वाटलं.

तुझी,
आत्या

२९ जानेवारी

प्रिय आत्या,

दिवा दुरुस्तीला वगैरे दिलेला नाही. त्याचा उजेड फार पिवळा होता, तिसऱ्या पर्वाला शोभत नव्हता, म्हणून दिग्दर्शकाने काढला. किटलीचंही तसंच. निळा रंग आता चालत नाही.

टेलरबाईंची झोप उडाली याचं वाईट वाटतं, पण आत्या, काळ बदलला आहे. घंटा सापडली, सगळे हसले, संपलं, असं आता कोणी मानत नाही. चोर सापडला म्हणून घर पूर्वीसारखं होतं का? कधीकधी तर चोरच नसतो. कोणाचा दोष नसतो, आणि तरी एक दिवस सगळं गेलेलं असतं. अशा गोष्टीत अंडं सोलून कोणाचं नाव सांगणार? आम्ही उगाच अंधार करत नाही. जे आहे ते दाखवतो.

आता दुसरं. हे तू पेपरात वाचण्याआधी मीच सांगितलेलं बरं. या पर्वाच्या शेवटच्या भागात ताई जाते. आपल्या खुर्चीत, विणता विणता. मारेकरी मागून येतो, तिला कळतही नाही. वाहिनीच्या प्रमुखांनी डोळे उघडून 'वा' म्हटलं, म्हणजे बघ. हे घडलं की चौथं पर्व नक्की.

तू मनाला लावून घेणार नाहीस अशी आशा आहे. ती एक पात्र आहे, एवढंच. चित्रीकरण मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे. सुंठ घेतली.

तुझी,
खारूताई

७ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

मला मारण्याबद्दल म्हणशील तर त्याची मला सवय आहे. कॉन्व्हेंटमध्ये दर वार्षिक नाटकात मी एखाद्या संताची आई असायचे आणि दुसऱ्या अंकात मरायचे. मदर सुपीरियर म्हणायच्या, ही मुलगी पडते फार सुबक. तेव्हा ताई गेली म्हणून मी रुसून बसेन असं समजू नकोस. डॉक्टरांनी तर माझ्या शोकसभेत बोलण्याची तयारीही सुरू केली आहे.

पण तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मग ट्रेवरचा रुमाल उचलला.

आधी होडीचा कप गेला. तो फुटला नाही असं तूच लिहिलंस. मग बुद्धिबळाचा पट. मग किटली, जी तुला तुझ्या सासूबाईंनी दिली होती. मग दिवा. खारूताई, दिग्दर्शकाला पिवळा उजेड नको होता तर त्याने फौजदाराचे पिवळे पडदेही काढले असते. ते तसेच आहेत. ते तू आणि मी मिळून शिवले होते. तुझ्या बाजूचं सामान सगळं जागेवर आहे. गेलं ते सगळं एकाच माणसाचं आहे.

मोजणीला गेलेला माणूस आपला दिवा बरोबर नेत नाही.

मी इतके महिने सरळ विचारलं नाही, कारण तू सांगशील असं वाटलं. एक्स्चेंजमध्ये एक शिकले होते, माणूस बोलता बोलता थांबला तर तार तोडायची नाही, धरून बसायचं. म्हणून धरून बसले. कपाबद्दल विचारलं, दिव्याबद्दल विचारलं, खाडीच्या नकाशाबद्दल विचारलं. तू दर वेळी पाऊस दाखवलास.

आणि आता ताईला मारायला निघालीस. तुझ्या वाहिनीचे काळे कपडेवाले काय म्हणतात ते मला सांगू नकोस. गोष्टीतली माणसं कोणाला मारतात ते मलाही ठाऊक आहे, शिवणाच्या सिस्टर शिवणाच्या पुस्तकात रहस्यकथा लपवून वाचायच्या आणि नंतर आम्हाला सांगायच्या. ज्याने पाहिलंय त्याला मारतात. सगळ्या मालिकेत ती एकटी आहे, जिला त्या टेबलावर दुसरा कप नाही हे दिसलंय. ती विचारायच्या आत तिला संपवलं की मग तुझ्या फौजदाराला जन्मभर उभ्याने पाव खायला मोकळीक.

ताई मेली तर मेली. पण तिच्यामागे त्याला विचारणारं कोण उरतं, ते मला सांग. आणि तुला?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. राग आला तरी चालेल. पण तिला बोलू दे.

तुझी,
आत्या

२६ फेब्रुवारी

सामानवाले काका यांस,

नमस्कार. आपली ओळख नाही, पण आपल्या नियमाबद्दल भाचीकडून ऐकून आहे. सोबतच्या खोक्यात एक दिवा आहे. हिरव्या काचेच्या टोपीचा, पायाशी थोडा डुगडुगतो, खाली कागदाची घडी ठेवावी. हा फौजदाराच्या ताईचा दिवा आहे. शेवटच्या भागात तिच्या खुर्चीच्या उजव्या हाताला ठेवावा आणि लावावा. बटण अडतं, दोनदा दाबावं.

मालक म्हणून माझी सही खाली आहे. परत मागायला मी स्वतः चिठ्ठी घेऊन येईन, दुसऱ्या कोणाला देऊ नये.

तुमच्या लेखिकेची आत्या

१० मार्च

आत्या,

तू काय करून ठेवलं आहेस याची तुला कल्पना नाही. बस आणि वाच.

सोमवारी ताईच्या खोलीचं चित्रीकरण होतं. दिग्दर्शकाने अंधार इतका छान जमवला होता की छायाचित्रकार दोनदा टेबलाला अडखळला. आणि काका आले, तुझं खोकं घेऊन. कोणाला काही न विचारता त्यांनी दिवा ताईच्या खुर्चीजवळ ठेवला, खाली कागदाची घडी सरकवली, बटण दोनदा दाबलं. सगळी खोली हिरवट उजेडाने भरून गेली, तुझ्या वाचायच्या कोपऱ्यासारखी. मी उभी होते ती खाली बसले.

दिग्दर्शक ओरडला, हे काय, हटवा. काकांनी चिठ्ठी दाखवली. तो म्हणाला, चिठ्ठी गेली खड्ड्यात. काका म्हणाले, चिठ्ठी कुठेही गेली तरी दिवा इथेच. आणि मग ताईचं काम करणाऱ्या बाई जाऊन त्या दिव्याखाली बसल्या, सुया हातात घेतल्या आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "अहो, पण आता मला तो येताना दिसतोय. दिसतोय तर मी गप्प कशी मरू? मी त्याला 'बस' म्हणेन ना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मारेकरी बिचारा सुरी घेऊन दारात उभा होता, त्यानेही विचारलं, मॅडम, मी बसू का?

मी दुपारच्या जेवणाच्या सुटीत तो भाग नव्याने लिहिला. जेवले नाही, पण कितीतरी महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. वाहिनीच्या प्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, हे खोल नाही. मी म्हटलं, नाहीच आहे, पाणी वर आलंय. त्यांनी चौथ्या पर्वाचा शब्द मागे घेतला आहे. लोकांचं काय मत पडतं ते बघून ठरवतील.

आता तू विचारलेलं.

तो गेला, आत्या. दुसऱ्या पर्वाच्या मध्यावर. भांडण नाही, दुसरं कोणी नाही. एके दिवशी आम्ही पातेल्यातला चहा पीत होतो आणि आमच्या लक्षात आलं की आम्ही एकमेकांशी फक्त फौजदाराबद्दल बोलतो. मी रात्रंदिवस मालिकेत, तो नद्यांत. तो म्हणाला, मी थोडे दिवस दुसरीकडे राहतो. थोड्या दिवसांचे खूप झाले. मग एकेक वस्तू न्यायला आला. घरी त्याचं काहीच नव्हतं, सगळं सेटवर होतं ना. म्हणून बिचारा स्टुडिओत चिठ्ठ्या घेऊन येत राहिला. 'माझा कप.' 'माझा पट.' 'आईची किटली.' अतिशय सभ्य चिठ्ठ्या. काका देत राहिले.

दिवा न्यायला आला तेव्हा चित्रीकरण चालू होतं. त्याने थांबायची तयारी दाखवली, पण काका नियमाचे पक्के. त्यांनी चालू दृश्यात दिवा उपटला. स्वयंपाकघरात अंधार झाला, कोणीतरी घाईने वर एक बल्ब टांगला, आणि फौजदाराचं काम करणारे गोंधळून हातातला पाव उभ्यानेच खात राहिले. दिग्दर्शक कुजबुजला, "थांबवू नका, हेच ते." तुझ्याकडे कापून ठेवलेला तो 'धाडसी अंधार' म्हणजे हा. तो मथळा मी वाचला तेव्हा हसू की रडू समजेना, आणि कोणाला सांगावं हेही समजेना, कारण सांगितलं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

मग मी अंधारच लिहीत सुटले. लोक वा वा करत होते. घरी गेल्यावर जे होतं त्याला निदान कोणीतरी वा म्हणत होतं.

तुला का नाही सांगितलं? बाबांना सांगशील अशी भीती नव्हती. मला तुझ्यासमोर ठेवायला चोर नव्हता. तू शिकवलंस की शेवटी नाव सांगायचं. मी अंडं सोलत बसले आणि आत नावच निघेना. त्याचंही नाही, माझंही नाही. असली गोष्ट घेऊन तुझ्यासमोर कशी येऊ?

शेवटचा भाग शनिवारी आहे. मारेकऱ्याचं पुढे काय होतं ते सांगत नाही. पण त्यानंतर ताई भावाच्या स्वयंपाकघरात जाते, आणि ती काय म्हणते ते तू बघ.

तुझ्या दिव्याशिवाय तू कशी वाचतेस?

तुझी,
खारूताई

१९ मार्च

माझ्या खारूताई,

दिव्याशिवाय मी खिडकीत बसून वाचते आणि संध्याकाळी डॉक्टर टॉर्च धरतात. हात हलतो त्यांचा, त्यामुळे ओळी चुकतात, पण ते सोडत नाहीत.

शनिवारी टेलरबाईंना मी हाताला धरून आणलं. त्या म्हणाल्या, ताई मेली तर मी उठून जाणार. मी म्हटलं, मेली तर मीही येते तुमच्याबरोबर.

मारेकरी दारात आला. दिव्याखाली ताईने मान वर केली, त्याला पाहिलं आणि म्हणाली, "ये, बस. चपला काढ." टेलरबाईंनी पँटमध्ये सुई टोचली. तो बसला. ती विणत राहिली, आणि तिने त्याला तळघरातली मुलगी कुठे आहे ते असं विचारलं, जसं कोणी बाजारात भाव विचारतं. त्याने सांगितलं. मुलगी सापडली, खारूताई. सापडू दिलीस. डॉक्टरांच्या हातातून उशी पडली.

आणि मग स्वयंपाकघर. तोच बल्ब, तोच उभा फौजदार. ताई आत आली, खुर्ची ओढली, टेबलाकडे नुसतं पाहिलं.

"एकच कप का रे?"

"एकच लागतो, ताई."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? कोणी काही चोरलंच नाही."

तुम्ही पाऊस दाखवला नाहीत. ताईने भांड्यातलं अंडं उचललं, टेबलावर आपटून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बरं. मग नाव सांगू नकोस. नुसतं सोल. पण बसून." आणि तो बसला. शेवटी नावांच्या पाट्या सुरू झाल्या तेव्हा शिट्टी ऐकू आली, अगदी हळू.

टेलरबाई रडल्या आणि पँटचा पाय उलटा शिवला. डॉक्टरांनी डोळे पुसले आणि कवळी टोचते आहे असं सांगितलं. सकाळी जिन्यातून पुन्हा शिट्टी आली, तशीच निसटती.

चौथं पर्व येईल न येईल. न आलं तर तुझ्याकडे थोडे दिवस रिकामे असतील, ते मला हवेतच. वाहिनीच्या त्या प्रमुखांना सांग, अंधारात त्यांना काय दिसत होतं ते मला माहीत नाही, आम्हाला मात्र तू दिसत नव्हतीस.

जावयावर मी रागावलेली नाही. कोणाचं नावच निघत नसेल तर राग कोणावर करायचा? खाडीच्या नकाशाचं मी त्यांनाच लिहीन कधीतरी. तो माझा आणि त्यांचा वेगळा व्यवहार आहे.

मी गुरुवारी येते आहे. दिवा मागायला येते आहे असं काकांना सांग, चिठ्ठी लिहून ठेवली आहे. पण तो परत नेईन असं मात्र त्यात लिहिलेलं नाही. मालकाच्या चिठ्ठीत लिहिलं असेल तिथे ठेवायचा ना? मी लिहिलंय, 'माझ्या भाचीच्या स्वयंपाकघरात, खऱ्या.'

किटली माझी आणते. तिच्याही टोपणाचा टवका उडाला आहे, तोही माझ्याच हातून. कप दोन आणते, कारण घरात एकच असेल याची मला खात्री आहे. तू फक्त अंडी उकडून ठेव.

तुझी,
आत्या